बारा मैलांच्या अलीकडे आणि पलीकडे: केंद्राचं काय, राज्याचं काय

सिंधुदुर्गातल्या एका मच्छीमार सोसायटीच्या संचालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या समोर रात्री एलईडीचे दिवे लावून मासळी उपसली जाते. राज्याच्या कार्यालयात तक्रार केली की सांगतात, "बारा मैलांबाहेरचं आमच्याकडे नाही." केंद्राच्या यंत्रणेकडे गेलं की म्हणतात, "मासेमारी राज्याचा विषय." मग केंद्र आणि राज्यात सत्तेची वाटणी झाली आहे म्हणजे नक्की काय वाटलं आहे? आणि आम्ही जायचं कुठे?

दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत, आणि किनाऱ्यावरच्या माणसाला खोट्या उत्तरापेक्षा अर्ध्या खऱ्या उत्तराचा त्रास जास्त होतो. समुद्रावर ही वाटणी सगळ्यात उघडी दिसते, म्हणून आधी समुद्राचंच सांगतो. मग जमिनीवर येऊ.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्र सूची, राज्य सूची आणि दोघांची मिळून समवर्ती सूची. घटना लागू झाली तेव्हा त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. राज्य सूचीतली २१ वी नोंद मत्स्यव्यवसायाची आहे. केंद्र सूचीतली ५७ वी नोंद प्रादेशिक समुद्रापलीकडच्या मासेमारीची आहे. या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की रेघ दिसते. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने ती रेघ १२ सागरी मैलांवर ठरवली. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे अंतर झालं सुमारे २२.२ किलोमीटर. तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथल्या मासेमारीचा कायदा करायचा अधिकार केंद्राचा.

इथे एक चूक हमखास होते. हे बारा मैल जेटीपासून मोजत नाहीत, आधाररेषेपासून मोजतात. आधाररेषा म्हणजे साधारणपणे मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर मागे जातं ती रेघ, आणि जिथे किनारा आत-बाहेर तुटलेला आहे तिथे सरकारने जाहीर केलेले बिंदू जोडणारी सरळ रेघ. कोकणचा किनारा खाड्यांनी कापलेला. खाडीच्या आतल्या जेटीवरून निघालेली होडी जीपीएसवर तेरा मैल दाखवत असेल, तरी आधाररेषेपासून ती बाराच्या आत असू शकते. म्हणून तक्रारीत "किनाऱ्यापासून तेरा मैलांवर" असं कधीच लिहू नका. अक्षांश-रेखांश लिहा. ते आत पडतात की बाहेर, हे खात्याने नकाशावर ठरवायचं असतं, आणि ठरवल्यावर लेखी सांगायचं असतं.

आता दुसरी गोष्ट. बारा मैलांच्या आत "राज्याचा समुद्र" आहे असं आपण म्हणतो, तेही पूर्ण खरं नाही. तिथला मासा राज्याच्या कायद्याखाली येतो. पण त्याच माशाखालच्या तळातलं खनिज किंवा तेल घटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार केंद्राचं. त्याच पाण्यावर रात्री फिरणारा दीपगृहाचा झोत केंद्राचा, कस्टम केंद्राचं, तटरक्षक दल केंद्राचं आणि सागरी पोलीस ठाणं राज्याचं. म्हणजे वाटणी जागेची नाही, विषयाची आहे. एकाच लाटेवर दोन्ही सरकारं उभी असतात. हे एकदा नीट डोक्यात बसलं की बाकीचा घोळ बराच सुटतो.

होडीचंही तसंच. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेला "आयएनडी-एमएच"ने सुरू होणारा क्रमांक हा नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी केंद्राच्या व्यापारी जहाज कायद्याखाली होते, पण करून देतो तो राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातला अधिकारी. मासेमारीचा परवाना मात्र वेगळा. तो राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मिळतो. नोंदणी म्हणजे होडीचा जन्मदाखला, परवाना म्हणजे जाळं टाकायची मुभा. कर्नाटकात किंवा गोव्यात नोंदलेला ट्रॉलर मालवणसमोर बारा मैलांच्या आत आला, तर "आमची नोंदणी भारत सरकारच्या कायद्याची आहे" हे त्याचं उत्तर चालत नाही. आतल्या पाण्यात महाराष्ट्राचाच परवाना लागतो. उलट त्याच ट्रॉलरने पलीकडे मासेमारी केली, तर केवळ परराज्यातला आहे एवढ्यावरून महाराष्ट्र त्याला अडवू शकत नाही. तक्रारीत "परप्रांतीय नौका" एवढंच लिहिलं तर ती लंगडी पडते. "राज्याच्या परवान्याविना, अमुक अक्षांश-रेखांशावर" असं लिहिलं तर ती उभी राहते.

एलईडीबद्दल तर दोन्ही कार्यालयांनी हात वर करायला जागाच नाही. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी आणि दोन नौकांनी मिळून ओढायच्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये आपल्या कायद्यात सुधारणा करून एलईडीला जबर दंड लावला आणि निवाड्याचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आणले. पुढे ४ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम अधिसूचित केले. त्यांत एलईडीवर बंदी आहेच, शिवाय यांत्रिक आणि मोठ्या नौकांना ऑनलाइन प्रवेशपास घ्यावा लागतो. पारंपरिक आणि छोट्या नौकांना तो लागत नाही. म्हणजे एलईडी रेघेच्या अलीकडेही बेकायदा आणि पलीकडेही. रेघेमुळे बदलतं ते फक्त कारवाई कोणत्या कायद्याने आणि कोणी करायची एवढंच. "बाहेरचं आहे" हे उत्तर कारवाई टाळायला पुरत नाही, फार तर अर्ज योग्य जागी पाठवायला पुरतं.

पर्ससीनची, म्हणजे मासळीच्या थव्याला घेरून खालून आवळायच्या जाळ्याची, गोष्ट वेगळी, आणि तिथे रेघ खरोखर महत्त्वाची आहे. महाराष्ट्राच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम ठेवला आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचं ठरवलं. हा आदेश राज्याच्या पाण्यापुरता. पर्ससीनवाल्यांचं म्हणणं असतं की बाराच्या पुढे राज्याचा आदेश लागूच नाही, आणि घटनेच्या यादीप्रमाणे त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तमिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन बारा मैलांपलीकडे पर्ससीनला आठवड्यातून दोनच दिवस, सोमवार आणि गुरुवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळात परवानगी दिली. त्या आदेशाचं महत्त्व असं की न्यायालयाने राज्याची बंदी रेघेपर्यंतच मानली, पण पलीकडे मोकळं रानही दिलं नाही. पलीकडे जाणारी नौका जाताना-येताना राज्याच्याच पाण्यातून जाते, हेही लक्षात घेण्यासारखं.

माझ्या मते सोसायट्या इथेच कमी पडतात. जाळं कुठे टाकलं हे सिद्ध करणं अवघड. मासळी कुठे उतरली हे सिद्ध करणं सोपं. जेटी राज्याची, बाजार राज्याचा, परवाना तपासणारा अधिकारी राज्याचा. राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. पहाटे जेटीवर उतरणाऱ्या टोपल्यांत बोटभर सुरमई दिसली, तर ती बाराच्या आतली की बाहेरची हा वाद घालत बसण्यापेक्षा पट्टी ठेवून फोटो काढणं, तारीख-वेळ आणि नौकेचा क्रमांक टिपणं आणि त्याच दिवशी परवाना अधिकाऱ्याकडे लेखी देणं जास्त कामाचं. रात्री समुद्रात दिसलेल्या नौकेची तक्रार असेल तर वेळ, जीपीएसचं वाचन, क्रमांक, कोणतं जाळं, दिव्यांची अंदाजे संख्या आणि पाहणाऱ्या तांडेलाची (नौका चालवणाऱ्या प्रमुखाची) सही, एवढं तरी हवंच. प्रत एकाच वेळी दोन्हीकडे द्या: सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय आणि तटरक्षक दलाचं जवळचं ठाणं. अर्जाच्या शेवटी एक वाक्य जोडा: "हे ठिकाण आपल्या अधिकारक्षेत्रात येत नसल्यास ते का येत नाही, हे कृपया लेखी कळवावे." टोलवाटोलवी बहुतेक तोंडी होते. कागदावर उमटली की ती पुढे न्यायालयात पुरावा ठरते.

पावसाळी बंदी मात्र दोघं मिळून चालवतात, आणि वाटणी नीट चालली तर कशी चालते हे तिथे दिसतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस. केंद्र आदेश काढतं तो बारा मैलांपलीकडचा. राज्य त्याच तारखांचा आपला आदेश काढतं तो अलीकडचा. एकाच राज्याने तारखा बदलल्या तर शेजारच्या राज्याच्या नौका आधी समुद्रात उतरतात, म्हणून तारखा जुळवाव्या लागतात. जुळवायला भाग पाडणारी यंत्रणा घटनेत फारशी नाही. चर्चा आणि समजूत यांवरच हे चालतं.

आता वर या, जमिनीवर.

कोकणात सातबाऱ्यावर डझनभर नावं असतात हे वेगळं सांगायला नको. माडाची आगर एका भावाची, कातळ दुसऱ्याचा आणि विहीर सामाईक. समवर्ती सूची ही ती सामाईक विहीर. वनं, शिक्षण, वीज, भूसंपादन, लहान बंदरं यांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. वनं आणि शिक्षण आधी राज्याकडे होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते सामाईक झालं. दोघांचे कायदे एकमेकांना छेदले तर अनुच्छेद २५४ नुसार केंद्राचा टिकतो, राज्याचा तेवढा भाग पडतो. पण त्याच अनुच्छेदात एक खिडकी आहे. राज्याने केलेल्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा टिकतो. बैलगाडा शर्यती याच खिडकीतून परत आल्या. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धचा १९६० चा कायदा केंद्राचा. त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्यात राज्यापुरती दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती वैध ठरवली. अलिबागच्या वाळूवर आज शर्यत लागते तिच्यामागे हा अनुच्छेद आहे. मात्र संमती मिळाल्यावरही संसद नंतर नवा कायदा करून ती खिडकी बंद करू शकते, हे विसरू नये.

तिन्ही याद्यांत न सापडणारा विषय आपोआप केंद्राकडे जातो. आपलं संघराज्य इतकं केंद्राकडे झुकलेलं का, याचं कारण घटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात आहे: भारत हा "राज्यांचा संघ". मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत याचा अर्थ सांगितला. हा संघ घटक राज्यांच्या करारातून झालेला नाही, त्यामुळे कोणत्याही राज्याला बाहेर पडण्याचा हक्क नाही. फाळणीची जखम ताजी असताना ते लिहिलं गेलं, हे लक्षात ठेवून वाचावं.

घर बांधायला निघालेल्याला याद्यांपेक्षा सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारं किनारा नियमन क्षेत्र, जास्त आडवं येतं. लोकांचा प्रश्न रास्त असतो: जमीन राज्याचा विषय, मग माझ्या आगरातल्या घराला दिल्लीचा नियम का? कारण सीआरझेडची अधिसूचना निघते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, आणि तो कायदा संसदेने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतल्या निर्णयांची अंमलबजावणी म्हणून केला. आंतरराष्ट्रीय निर्णय अमलात आणण्यासाठी संसद राज्य सूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते, असं अनुच्छेद २५३ सांगतो. अधिसूचना केंद्राची (पहिली १९९१ ची, मग २०११ ची, आताची २०१९ ची), किनारा व्यवस्थापनाचा नकाशा तयार करणार राज्य, त्याला मंजुरी देणार पुन्हा केंद्र. ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नसेल तर २०० मीटर ना-विकास क्षेत्र. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्या गटात येतात. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. स्वतः राहायच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला स्थानिक प्राधिकरणाच्या पातळीवर परवानगी मिळू शकते, किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नियमात नव्हे, नकाशात. तुमच्या सर्व्हे नंबरवरून भरतीरेषा कुठून गेली आहे हे मंजूर नकाशावर पाहिल्याशिवाय आर्किटेक्टला पैसे देऊ नका. जुन्या नकाशाची झेरॉक्स घेऊन फिरणारे पुष्कळ भेटतात. मालवणात आणखी एक थर आहे. सिंधुदुर्ग किल्ला केंद्र संरक्षित स्मारक. अशा स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊन. हा थर सीआरझेडहून वेगळा, आणि त्याचा अर्जही वेगळ्या कार्यालयात.

चिऱ्याची खाण घ्या. चिरा जांभा दगडाचा, आणि जांभा गौण खनिज. १९५७ चा खनिज कायदा केंद्राचा, पण गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार त्याने राज्याला दिला. म्हणून चिऱ्याचा परवाना आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याच्या २०१३ च्या नियमांनी ठरतं. त्याच मंडणगड-दापोलीच्या पट्ट्यातलं बॉक्साइट मात्र प्रमुख खनिज. लिलाव करून पट्टा देणार राज्य, रॉयल्टीचा दर ठरवणार केंद्र, पैसा जमा होणार राज्याच्या तिजोरीत. दोन्ही लालच माती, पण कायद्याची घरं वेगळी. यात पुढचा मोठा बदल २५ जुलै २०२४ ला झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवलं की रॉयल्टी हा कर नाही, आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांचा आहे. १९८९ चा निकाल याच्या उलटा होता. राज्यांच्या बाजूने इतका ठाम निकाल क्वचित येतो. पण चिरेखाणवाल्यांनी एक विसरू नये: राज्याचा परवाना हातात असला तरी पर्यावरण मंजुरी केंद्राच्या कायद्याखाली वेगळी लागते, क्षेत्र कितीही छोटं असो. ती देणारं राज्यस्तरीय प्राधिकरण नेमतं केंद्र, नावं सुचवतं राज्य. एक कागद आहे आणि दुसरा नाही, अशा अवस्थेत चाललेली खाण बंद पडते तेव्हा मजुरांचा हंगाम बुडतो.

महामार्गाच्या मोबदल्यात गोंधळ आणखी मोठा. राष्ट्रीय महामार्ग ६६ केंद्राचा, पण पनवेल ते इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. खड्ड्याची तक्रार कुठे द्यायची ते किलोमीटरच्या दगडावरून ठरतं. भूसंपादन १९५६ च्या केंद्राच्या कायद्याने, पण सक्षम प्राधिकारी म्हणून सही करणारे असतात तुमचे प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. म्हणून लोक प्रांतांकडे दर वाढवून मागतात. एकदा निवाडा झाला की तो वाढवणं प्रांतांच्या हातात राहत नाही. कलम ३-अ ची अधिसूचना आली की २१ दिवसांत हरकत. ३-ड ची आली की जमीन केंद्राकडे निहित झाली. ३-ग चा निवाडा मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे, आणि लवादाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात. झाडांची मोजणी चुकली, आंब्याची कलमं रायवळ म्हणून धरली, सामाईक खातेदाराचं नाव सुटलं, असल्या चुका निवाड्याआधी लेखी दिल्या तर दुरुस्त होतात. नंतर वर्षं जातात.

रेल्वे केंद्राची. तरी कोकण रेल्वे उभी करताना चार राज्यांनी भांडवल घातलं: केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. गाडीत चोरी झाली तर गुन्हा नोंदवतात राज्याचे लोहमार्ग पोलीस, कारण पोलीस हा राज्याचा विषय आणि राज्य सूचीच्या त्या नोंदीत रेल्वे पोलीसही आहेत. बंदरांत प्रमुख बंदर केंद्राचं, बाकीची समवर्ती. जयगड आणि दिघी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत. वाढवण प्रमुख बंदर, पण त्याच्या कंपनीत ७४ टक्के केंद्राच्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचे (जेएनपीए) आणि २६ टक्के राज्याच्या सागरी मंडळाचे. अणुऊर्जा पूर्णपणे केंद्राची, तरी जैतापूरची जमीन संपादित करून दिली राज्याने. उलटं उदाहरण नाणारचं. तेल शुद्धीकरण कंपन्या केंद्राच्या, पण जमिनीची औद्योगिक क्षेत्राची अधिसूचना राज्याच्या कायद्याखालची. ती राज्याने मार्च २०१९ मध्ये मागे घेतली आणि तिथला प्रकल्प थांबला. कागदावर केंद्र कितीही मोठं दिसो, जमिनीची किल्ली राज्याकडे असते.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण यात लोकांची फार निराशा होते. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना २९ विषयांची यादी दिली, त्यात मत्स्यव्यवसायही आहे. पण प्रत्यक्ष अधिकार किती द्यायचे ते राज्याने ठरवायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ग्रामसभेचा विरोधी ठराव भूसंपादन आपोआप रोखत नाही. पालघरमधल्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यामुळे (आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा केंद्राचा कायदा) संपादनाआधी विचारविनिमय बंधनकारक आहे. ठराव कराच, पण सोबत मुदतीतली हरकतही दाखल करा.

आता पैसा, कारण अधिकार कागदावर एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे असेल तर अधिकाराला फार अर्थ उरत नाही. केंद्राच्या करांतला वाटून द्यायचा हिस्सा पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ४१ टक्के ठरवला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. मात्र उपकर आणि अधिभार या वाटपात येतच नाहीत. केंद्राने कर वाढवण्याऐवजी उपकर वाढवला तर राज्यांच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. राज्यांची ही तक्रार मला रास्त वाटते. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. हिशेब केला तर केंद्राशिवाय काहीच मंजूर होत नाही, आणि पुरेशी राज्यं अडली तर केंद्राचंही होत नाही. राज्यांत प्रत्येकाचं मत सारखं. तेरेखोलच्या अलीकडचा महाराष्ट्र आणि पलीकडचा गोवा, दोघांचं वजन एकच, जरी राज्यसभेत एकाचे १९ आणि दुसऱ्याचा १ सदस्य असला तरी. डिझेल अजून जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर. सोसायटीमार्फत मिळणारा डिझेल परतावा फक्त राज्याच्या कराचा. केंद्राने शुल्क वाढवलं की परतावा तेवढाच राहतो आणि पंपावरचा दर वाढतो. परतावा थकला म्हणून दिल्लीला निवेदन देऊन उपयोग नाही, तो राज्याच्या अर्थसंकल्पातून येतो. मत्स्यसंपदा योजनेचं अनुदान वेगळं. सरकारी वाट्यातले ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे, आणि राज्याचा हिस्सा अडकला तर केंद्राचा पुढचा हप्ताही लांबतो.

वादळानंतर ही वाटणी सगळ्यात कठोरपणे जाणवते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्या झोपवल्या. मदत निघते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, त्यात ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. दर आणि निकष केंद्राचे. २०२२ ते २०२६ च्या निकषांत बहुवार्षिक पिकांना ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान असेल तर हेक्टरी २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. आता श्रीवर्धनची सुपारीची वाडी पाहा. दहा गुंठे म्हणजे ०.१ हेक्टर, या दराने हिशेब होतो जेमतेम २,२५० रुपयांचा. त्या दहा गुंठ्यांत दाटीने लावलेली झाडं पुन्हा उत्पन्नाला यायला कित्येक वर्षं. हेक्टरचा निकष मोठ्या शेतांच्या मुलखात बसतो, वाडीत बसत नाही. निसर्गच्या वेळी राज्याने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० दिले, त्यातला निकषापेक्षा जास्तीचा पैसा राज्याच्या तिजोरीतला होता. म्हणजे निकष वाढवून हवा तर मागणी केंद्राकडे, वरची भर हवी तर राज्याकडे, आणि दोन्हीचा पाया एकच: तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवकांनी मिळून केलेला पंचनामा. पीकपाहणीत आंतरपिकाची नोंद नसेल, वाडीत नारळ, सुपारी, जायफळ असूनही सातबाऱ्यावर नुसतं "नारळ" असेल, तर पंचनामा तिथेच कमकुवत होतो. ही नोंद वादळ यायच्या आधीच्या हंगामात करून ठेवायची असते.

शेवटी माहिती अधिकाराचं, कारण तुमच्या प्रश्नात "जायचं कुठे" आहे. अर्ज त्याच सरकारच्या चुकीच्या खात्याकडे गेला तरी २००५ च्या कायद्याच्या कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो, त्यामुळे "आमचा विषय नाही" म्हणून परत करता येत नाही. उत्तर ३० दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यात, मग ९० दिवसांत दुसरं: राज्याच्या खात्याचं असेल तर राज्य माहिती आयोगाकडे, तटरक्षक दलासारख्या केंद्राच्या यंत्रणेचं असेल तर केंद्रीय आयोगाकडे. पहिल्या अर्जात तीनच गोष्टी मागा: गेल्या हंगामात एलईडीच्या किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती "अधिकारक्षेत्राबाहेर" म्हणून बंद केल्या, आणि त्या बंद करताना आधाररेषेपासूनचं अंतर कोणत्या नकाशावर मोजलं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासोबत त्या नकाशाची प्रमाणित प्रतही मागून घ्या.